‘संस्कृती हेच औषध’ हे संशोधनात तपासायचं कसं? शहरातले मूलनिवासी आणि मानसिक आरोग्य

पेटची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, की ‘संस्कृती’, ‘परंपरा’, ‘समाधान’ अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींवर संशोधन करायचं तरी कसं? गाईड म्हणतात विषय फार मोठा आहे, समिती म्हणते व्हेरिएबल कुठे आहेत? आज याच अडचणीचं एक चांगलं उदाहरण घेऊ. कॅनडा आणि अमेरिकेतल्या शहरांत राहणारे मूलनिवासी लोक आणि त्यांचं मानसिक आरोग्य. तिथल्या अनेक समाजांचं ठाम म्हणणं आहे की आमची संस्कृती हाच आमचा उपचार आहे. हे म्हणणं संशोधकांनी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासून पाहिलंय. त्यातले चार अभ्यास आपण नीट बघणार आहोत. प्रत्येकातून काय कळतं आणि काय कळत नाही, एवढंच बघायचं.

आधी शब्दाबद्दल. आपल्याकडे ‘मूलनिवासी’ हा शब्द एका वेगळ्या राजकीय अर्थानेही वापरला जातो. इथे तो अर्थ नाही. युरोपीय लोक येण्याआधीपासून उत्तर अमेरिकेत राहणारे समाज, म्हणजे लाकोटा, क्री, अनिशिनाबे, नवाहो वगैरे, एवढ्याच अर्थाने मी तो वापरतोय.

हे लोक शहरात आले कसे?

मूलनिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राखीव प्रदेश, जंगल, गवताळ मैदान येतं. प्रत्यक्षात अमेरिकेतले बहुसंख्य मूलनिवासी आज शहरी भागात राहतात. कॅनडातही निम्म्याच्या आसपास लोक शहरांमध्ये आहेत आणि एकट्या विनिपेगमध्ये ही संख्या सुमारे १ लाख आहे.

यामागे सरकारी धोरणाचा मोठा हात आहे. अमेरिकेत १९५६ साली स्थलांतराचा कायदा झाला. राखीव प्रदेशातल्या तरुणांना व्यवसाय प्रशिक्षण आणि नोकरीचं आश्वासन देऊन शिकागो, डेन्व्हर, लॉस एंजेलिस अशा शहरांत पाठवण्यात आलं. त्याच्याही आधीपासून दोन्ही देशांत निवासी शाळांची व्यवस्था होती. मुलांना घरापासून तोडायचं, केस कापायचे, स्वतःची भाषा बोलली तर शिक्षा करायची. कॅनडात अशा शाळांमधून दीड लाखाहून अधिक मुलं गेली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. म्हणजे या शाळांत शिकलेले लोक आज आई-वडील, आजी-आजोबा आहेत.

तिसरी गोष्ट, विधींवर थेट बंदी. कॅनडाने १८८५ पासून पोटलॅच या दानविधीवर कायद्याने बंदी घातली, ती १९५१ मध्ये उठली. अमेरिकेतही १८८० च्या दशकापासून नृत्यं आणि विधी हे गुन्हे ठरवले गेले होते. मूलनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा तिथे आला १९७८ साली.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगतोय, की ‘संस्कृती हेच औषध’ हे वाक्य त्यातूनच आलंय. जे हिरावून घेतल्यामुळे आजार आला, ते परत मिळाल्यावर बरं वाटेल, असा त्यामागचा सरळ तर्क आहे. आणि संशोधक म्हणून आपलं काम इथेच सुरू होतं, कारण तर्क पटणारा आहे म्हणून तो सिद्ध झाला असं होत नाही.

‘ऐतिहासिक आघात’ ही संकल्पना

१९९० च्या दशकात मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या लाकोटा समाजातल्या संशोधिकेने ‘ऐतिहासिक आघात’ ही कल्पना मांडली. एका पिढीवर झालेले घाव पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचतात, आणि ज्या दुःखाचा शोक करायलाच मिळाला नाही ते दुःख साचून राहतं, असा तिचा गाभा. यामुळे एक मोठी गोष्ट झाली. व्यसन, नैराश्य, आत्महत्या यांच्याकडे ‘या लोकांमध्येच काहीतरी खोट आहे’ असं बघणं कमी झालं आणि बोट इतिहासाकडे वळलं.

पण लिटरेचर रिव्ह्यू करताना फक्त संकल्पना मांडणारे वाचून थांबू नका. तिच्यावर शंका घेणारेही वाचा. जोसेफ गोन हे स्वतः आनीह समाजातले मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विचारलं की आजचं दारिद्र्य, आजचा वंशभेद आणि जुना आघात हे वेगळे कसे करणार? सगळ्याचं कारण इतिहासात टाकलं तर आज चालू असलेला अन्याय नजरेआड होत नाही का? जेम्स वॉल्ड्रम यांनी २००४ मधल्या त्यांच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट दाखवली. ‘विंडिगो’ नावाचा, माणूस माणसाला खायला उठतो असा म्हणे मूलनिवासींचा खास मानसिक आजार संशोधनात वर्षानुवर्षं नांदत राहिला. त्याचे पुरावे मात्र अगदी तकलादू होते. एकाचं वाचून दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्याने. सायटेशन भरपूर असलं म्हणजे पुरावा भक्कम असतोच असं नाही, हे वहीत लिहून ठेवावं असं उदाहरण.

अभ्यास पहिला : सरासरीच्या आत काय दडलंय?

मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांचा १९९८ चा पेपर या क्षेत्रात जवळजवळ सगळेच उद्धृत करतात. ‘मूलनिवासी तरुणांमध्ये आत्महत्येचं प्रमाण फार जास्त’ हे वाक्य तेव्हाही सर्रास लिहिलं जायचं. या दोघांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले सुमारे २०० समुदाय वेगवेगळे करून बघितले, १९८७ ते १९९२ या काळातले. निम्म्याहून अधिक समुदायांत त्या काळात एकाही तरुणाची आत्महत्या झालेली नव्हती. काही मोजक्या समुदायांत मात्र प्रमाण भयंकर होतं. म्हणजे ‘सरासरी’ नावाचा समुदाय प्रत्यक्षात कुठे नव्हताच.

मग फरक कशामुळे? त्यांनी सहा खुणा घेतल्या. स्वशासन, जमिनीच्या हक्कासाठीचा लढा, शाळांवर ताबा, आरोग्यसेवेवर ताबा, पोलीस आणि अग्निशमन सेवेवर ताबा, आणि सांस्कृतिक कार्यासाठी वास्तू. जितक्या खुणा जास्त, तितकं प्रमाण कमी. सहाही खुणा असलेल्या समुदायांत एकही आत्महत्या नोंदलेली नव्हती.

आता इथे थांबा आणि ती यादी पुन्हा वाचा. पेपरच्या शीर्षकात ‘सांस्कृतिक सातत्य’ असा शब्द आहे, पण सहापैकी पाच खुणा कारभाराच्या आणि हक्काच्या आहेत! गाणी, नृत्य, विधी यांच्याशी थेट जोडता येईल अशी एकच. त्यामुळे हा पेपर दाखवून ‘बघा, संस्कृतीने आत्महत्या थांबतात’ असं कुणी म्हणालं, तर संस्कृती म्हणजे त्यात नेमकं काय मोजलंय हे विचारायला हवं. ऑपरेशनल डेफिनिशन का लिहायची, याचं उत्तर इथे मिळतं.

दुसरी मर्यादा. आकडे समुदायाचे आहेत, व्यक्तीचे नाहीत. समुदायाच्या पातळीवर दिसलेला संबंध एकेका माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि तिसरी आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाची. व्हँकुव्हरमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या आसपास ना त्याची पंचायत आहे, ना त्याची जमीन, ना त्याची शाळा. या सहा खुणा शहरात लागूच होत नाहीत. मग शहरात ‘संस्कृती’ म्हणजे काय?

अभ्यास दुसरा : आधी लोकांना विचारा

हाच प्रश्न घेऊन विल्यम हार्टमन आणि जोसेफ गोन डेट्रॉइटमध्ये गेले. तिथे शहरी मूलनिवासींसाठी चालणारी एक आरोग्य संस्था आहे. तिच्याशी जोडलेल्या लोकांबरोबर फोकस ग्रुप घेतले आणि पारंपरिक उपचार इथे आणायचे तर त्यात काय हवं, असं विचारलं. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या पेपरमध्ये चार सूत्रं निघाली. विधींमध्ये सहभाग, परंपरेचं शिक्षण, परंपरा जपणारी जाणती माणसं, आणि समाजाची एकजूट.

बघा, यात ‘लक्षणं कमी व्हावीत’ हे सूत्र नाही. लोकांना शिकायचं होतं, माणसं हवी होती, एकत्र यायचं होतं. शहरात एकाच केंद्रात वेगवेगळ्या समाजांचे लोक येतात. काहींचे आजोबाच शहरात जन्मलेले असतात, काहींना स्वतःच्या भाषेतले चार शब्दही येत नाहीत. मग विधी कुणाच्या पद्धतीने करायचा? शिकवणारा खरा जाणकार आहे हे कोण ठरवणार? आणि घामविधीसारखा विधी घ्यायचा तर जागा कुठली? फांद्या वाकवून केलेली बुटकी घुमटी, आत तापलेले दगड, त्यावर पाणी, वाफ, अंधार, प्रार्थना आणि गाणी. त्यासाठी मोकळी जमीन लागते, मोठी आग पेटवावी लागते. शहरात या दोन्ही गोष्टी सहज मिळत नाहीत. टोरंटोच्या एका मोठ्या मानसिक आरोग्य रुग्णालयाने २०१६ मध्ये आपल्या आवारातच अशी जागा केली, ही म्हणूनच साधी गोष्ट नाही.

फोकस ग्रुपमधून ‘उपयोग होतो का’ हे कळत नाही. पण ‘उपयोग’ म्हणजे लोकांच्या लेखी काय, हे कळतं. ते माहीत नसताना थेट प्रश्नावली वाटली तर आपण आपल्याच कल्पना मोजत बसतो.

अभ्यास तिसरा : आधी आणि नंतर

व्हँकुव्हरच्या गरीब वस्तीतल्या एका प्राथमिक दवाखान्यात डॉक्टरांबरोबर मूलनिवासी एल्डरनाही कामाला घेतलं गेलं. एल्डर म्हणजे नुसता वयाने मोठा नव्हे, समाजाने जाणता म्हणून मानलेला माणूस. रुग्ण त्यांना एकट्याने भेटायचे, गटातही बसायचे. २०१९ मध्ये या उपक्रमाचे आकडे प्रसिद्ध झाले. ४५ रुग्ण होते. नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही ० ते २७ गुणांची प्रश्नावली वापरली होती. सहा महिन्यांत सरासरी सुमारे ५ गुणांची घट झाली. या प्रश्नावलीत ५ गुणांचा फरक प्रत्यक्ष उपचारातही दखल घेण्याजोगा मानतात. आत्महत्येचा धोका मोजणारे गुणही उतरले. मानसिक त्रासासाठी आपत्कालीन विभागात होणाऱ्या फेऱ्या आदल्या वर्षाच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाल्या.

आकडे आशादायक आहेत. पण व्हायवाला तुम्हाला विचारतील, कंट्रोल ग्रुप कुठे आहे? इथे तो नव्हता. माणूस मदत मागायला येतो तेव्हा बहुतेकदा त्याची अवस्था सगळ्यात वाईट असते. त्यानंतर काहीही केलं नाही तरी सरासरी थोडी वर येते, याला सरासरीकडे परतणं म्हणतात. शिवाय दवाखान्याचे बाकीचे उपचारही चालूच होते. त्यामुळे ‘एल्डरमुळेच फरक पडला’ असं या डिझाइनवरून ठामपणे म्हणता येत नाही. ‘एल्डरसोबतचं हे काम दवाखान्यात करता येतं, लोक येतात, आणि त्या काळात त्यांची प्रकृती सुधारलेली दिसते’ एवढं नक्की म्हणता येतं. याच उपक्रमातल्या रुग्णांच्या मुलाखतींवर वेगळा गुणात्मक पेपरही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की मिश्र पद्धती कशाला म्हणतात ते समजतं.

अभ्यास चौथा : यादृच्छिक चाचणी आणि ‘फरक नाही’ असा निकाल

मग कंट्रोल ग्रुप घेऊनच बघू या, असं कॅलिफोर्नियात झालं. एलिझाबेथ डी’अमिको आणि डॅनियल डिकरसन यांच्या गटाने शहरातल्या १४ ते १८ वर्षांच्या १८५ मूलनिवासी मुलांवर व्यसन-प्रतिबंधाची यादृच्छिक चाचणी केली. एका गटाला सामुदायिक मेळावा आणि त्याबरोबर तीन कार्यशाळा. त्यात मणीकाम, पारंपरिक स्वयंपाक, प्रार्थना आणि समुपदेशनाची एक आधुनिक पद्धत यांची सांगड होती. दुसऱ्या गटाला फक्त मेळावा. २०२० मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत दारू-गांजाचं प्रमाण स्थिर राहिलं आणि दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक सापडला नाही.

घाईने वाचलं तर निष्कर्ष निघेल, ‘संस्कृतीचा उपयोग नाही.’ पण तुलना कशाची कशाशी होती ते बघा. ज्याला कंट्रोल म्हटलं तो मेळावाही सांस्कृतिकच होता! या मुलांना काहीच न देता नुसतं मोजत राहणं समाजाला आणि संशोधकांना पटणारं नव्हतं. म्हणजे चाचणीने विचारलेला प्रश्न होता, ‘मेळाव्यावर कार्यशाळांची भर घातली तर जास्त फायदा होतो का?’ शिवाय या वयात व्यसनाचं प्रमाण साधारणपणे वाढत जातं, त्यामुळे दोन्ही गटांत ते स्थिर राहणं हा कदाचित मेळाव्याचाच गुण असेल. कदाचित नसेलही. या डिझाइनमधून ते सांगता येत नाही. कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाआधी तुलना कुणाशी आहे ते बघायची सवय लावून घ्या.

मोजण्याने मोजलेली गोष्टच बदलली तर?

चाचणी घ्यायची तर उपचार सगळीकडे सारखा द्यावा लागतो. मॅन्युअल लागतं. इतकी सत्रं, इतके मिनिटं, हाच क्रम. विधी असा चालत नाही. तो जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे, करणाऱ्याप्रमाणे बदलतो, आणि काही गोष्टी लिहायच्याच नसतात. मग मॅन्युअलमध्ये बसवलेला विधी हा तोच विधी राहतो का? दुसरीकडे, ‘आमचं मोजता येत नाही’ म्हणून सोडून दिलं तर निधी देणारे म्हणतात पुरावा नाही, पैसे नाहीत. शहरातल्या केंद्रांची कोंडी होते ती इथे.

कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली २२ वी म्हणते की मूलनिवासी रुग्णाने मागितलं तर आरोग्यसेवेत पारंपरिक उपचार आणि एल्डर यांना जागा द्यावी. ही मांडणी हक्काची आहे. म्हणजे एखादी सेवा द्यायची की नाही हे ठरवताना परिणामकारकता हा एक मुद्दा झाला, पण एकमेव नव्हे. तुमच्या प्रस्तावात हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, नाहीतर एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटतं.

डेटा कुणाचा?

ॲरिझोनातल्या हवासुपाई समाजाचं प्रकरण संशोधनाला उतरणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी या लोकांचे रक्ताचे नमुने घेतले. लोक समजत होते, आपल्यातल्या मधुमेहावर अभ्यास चाललाय. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातले विवाह आणि समाजाचं मूळ कुठलं अशा विषयांसाठीही वापरले गेल्याचं त्यांना कळलं. कोर्टकचेरी झाली. २०१० मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली आणि नमुने परत दिले गेले. स्किझोफ्रेनिया हा मानसिक आरोग्याचाच विषय आहे, हे विसरू नका.

कॅनडात १९९८ पासून मूलनिवासी समाजांनी स्वतःची तत्त्वं मांडली. डेटाची मालकी, त्यावरचं नियंत्रण, तो बघण्याचा हक्क आणि तो प्रत्यक्ष ताब्यात असणं. त्यामुळे तिथे व्यक्तीची सही पुरत नाही, समाजाची संमतीही लागते. शहरात ती द्यायची कुणी? पंचायत तर नाही. बहुतेक वेळा आरोग्य केंद्राची समिती किंवा एल्डरांचं मंडळ हे काम करतं, आणि ते पुरेसं आहे का यावर वाद आहेत.

‘पण ही अंधश्रद्धा नाही का?’

महाराष्ट्रात हा विषय मांडला की हा प्रश्न येणारच, आणि तो टाळू नये. आपल्याकडच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक चांगला निकष सापडतो. कुत्रा, साप, विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे रोखणं, फसवणूक, शोषण, इजा यावर बोट आहे. व्हँकुव्हरच्या दवाखान्यात एल्डर डॉक्टरांच्या शेजारी बसतात, गोळ्या बंद करा म्हणत नाहीत. फरक स्पष्ट आहे. तरीही प्रत्येक ठिकाणी तपासायचंच. पैसे कोण घेतं, इजा झाली तर जबाबदार कोण, नको म्हणायची मोकळीक आहे का?

उलट दिशेची घाईही नको. ‘तिकडे घामविधी, इकडे आपला भगत’ अशी जोडी लावून सिनॉप्सिस करू नका. मुंबईच्या आरेतल्या पाड्यांवरचे वारली शहरात आले नाहीत, शहर त्यांच्यापर्यंत आलं. निवासी शाळांचा आणि विधीबंदीचा तो इतिहास इथे तसाच नाही. तिथले निष्कर्ष उचलून आणता येणार नाहीत, प्रश्न मात्र आणता येतील.

तर या विषयावर, किंवा अशा कुठल्याही विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर आधी एका कागदावर पाच ओळी लिहा. ‘संस्कृती’ म्हणजे माझ्या अभ्यासात नेमकं काय? ‘बरं होणं’ म्हणजे काय, आणि ते कुणी ठरवलं? माझं एकक व्यक्ती आहे की समुदाय? तुलना कशाशी? आणि अभ्यास संपल्यावर डेटा कुणाकडे राहणार? पाचही ओळी भरता आल्या तर गाईडकडे जा. दुसरी आणि पाचवी ओळ रिकामी राहिली असेल, तर गाईडच्या आधी त्या वस्तीत जा आणि तिथल्या लोकांना विचारा.